रोशाचे तेल आणि गुलाबाचे अत्तर

पावसाळा सरत आला, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळू लागले, म्हणजे सातपुड्याच्या उतारांवर पुरुषभर उंचीचे एक गवत तुऱ्यावर येते. दुरून पाहणाऱ्यास ते इतर रानगवतासारखेच दिसते. परंतु त्याचे एखादे पान किंवा तुरा बोटांमध्ये चुरडून नाकाशी धरला, तर क्षणभर गुलाबाचा भास होतो. खानदेशात या गवताला रोशा म्हणतात, कोठे रोहिस म्हणतात. संस्कृत निघंटूंतील 'रोहिष' हे त्याचेच नाव असावे असे मानले जाते. खानदेश, मेळघाट, बैतूल, निमाड आणि जुन्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबादकडची राने ही या गवताची माहेरघरे होत.

या गवताच्या तेलाचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारात गुलाबाचे अत्तर म्हणून जो माल सोन्याच्या भावाने विकला जात होता, त्यातील बऱ्याच मालात खानदेशच्या ओढ्याकाठी गाळलेले हे तेल मिसळलेले असे. ज्यांनी ते गाळले त्यांना आपला माल कोठे जातो याचा पत्ता नव्हता, आणि ज्यांनी ते हातरुमालावर शिंपडले त्यांना तो कोठून आला याचा नव्हता.

वनस्पतींमधील सुगंध वेगळा काढण्याची खटपट आपल्याकडे फार जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'गंधयुक्ति' नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त राजाच्या स्नानाचे, उटण्याचे आणि धूपाचे तपशीलवार वर्णन आले आहे. मराठी वाचकांच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे 'गंधवाद'. सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या कृतींचा हा ग्रंथ. त्याच्या कर्त्याचे नाव कळत नाही. परंतु त्यावर एक जुनी मराठी टीका आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० नंतरच्या दशकात या पोथीकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि तिचा काळ चौदावे ते सोळावे शतक यांच्या दरम्यान ठरविला. पुढे गंगाधराच्या 'गंधसारा'सह हा ग्रंथ वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने आपल्या गायकवाड ग्रंथमालेत १९८९ साली छापला. मराठी भाषेत विज्ञानाचे लेखन अलीकडचे आहे असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा चाळून पाहावे.

'गंधसारा'त सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत. भावन म्हणजे द्रव्याच्या चूर्णाला रसाची भिजवण देणे. पाचन म्हणजे शिजविणे. त्यानंतर बोध, वेध, धूपन आणि शेवटी वासन. वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून वास लावणे. या वासनाचीच एक साधी रीत उत्तर हिंदुस्थानात जौनपूर, गाझीपूरकडे शतकानुशतके चालत आली. धुऊन सोललेल्या तिळांचा एक थर, त्यावर चमेलीच्या ताज्या फुलांचा एक थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुले, असे करीत रात्रभर ठेवावयाचे. सकाळी कोमेजलेली फुले काढून नवी घालावयाची. आणि तिळांनी पुरेसा वास घेतला म्हणजे ते घाण्यावर घालून तेल काढावयाचे. हेच फुलेल. तिळातील तेल फुलाचा सुगंध शोषून घेते, एवढेच याचे मर्म. फ्रान्समधील ग्रास या गावी काचेच्या तावदानांवर चरबीचा लेप देऊन त्यावर जाईची फुले पसरीत, तीही तत्त्वतः हीच युक्ती होय. जाईजुईसारखी फुले झाडावरून खुडल्यावरही काही तास सुगंध निर्माण करीत राहतात आणि कढत्या पाण्यात घातली तर बिघडतात. म्हणून त्यांना ही थंड वागणूक मानवते.

परंतु वर सांगितलेल्या सहा क्रियांत वाफेच्या साहाय्याने अर्क काढण्याची क्रिया वेगळी गणलेली नाही. ती आपल्याकडे केव्हा आली, की येथूनच बाहेर गेली, याविषयी विद्वानांत एकमत नाही. तक्षशिलेच्या उत्खननात जॉन मार्शल यांना मातीची काही पात्रे सापडली. त्यांची जुळणी केली असता एक बंद मडके, त्याला जोडलेली नळी आणि पाण्यात ठेवलेले गोल ग्रहणपात्र असे यंत्र तयार होते. पेशावरजवळच्या शेखान ढेरी येथेही अशी ग्रहणपात्रे पुष्कळ निघाली. त्यावरून पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९७९ साली असे मत मांडले की, ऊर्ध्वपातनाची जन्मभूमी कदाचित हिंदुस्थानच असेल. तेथे मद्य गाळीत की अत्तर, आणि मुळात काही गाळीत होते की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. मात्र बंद भांडे, नळी आणि पाण्यात बुडविलेले ग्रहणपात्र ही तिहेरी रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. कनोजच्या अत्तरवाल्यांचे डेग आणि भपका याच घडणीचे. आणि खानदेशातील रोशाची भट्टीही याच घडणीची.

मोगल काळात अत्तराला राजाश्रय मिळाला. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त अगराच्या लाकडापासून 'चुवा' काढण्याची कृती दिली आहे. ती मोठी मौजेची आहे. मातीचे लिंपण दिलेल्या अरुंद तोंडाच्या भांड्यात लाकडाचे बारीक तुकडे भरावयाचे, ते भांडे उलटे ठेवून त्याचे तोंड खालच्या पाण्याच्या थाळीला भिडवावयाचे, आणि वरून गोवऱ्यांचा मंद विस्तव लावावयाचा. म्हणजे अर्क वर न चढता खाली पाण्यात ठिबकतो. गुलाबाच्या अत्तराचा शोध मात्र जहांगीर आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या कारकिर्दीतला म्हणून नोंदवितो. त्याच्या सांगण्याप्रमाणे नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढीत असता कढत पाणी ज्या ताटांत ओतले होते त्यांवर तिला एक तवंग दिसला. तो तिने थोडाथोडा करून गोळा केला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्याला 'इत्र-ई-जहांगिरी' असे नाव दिले. ही गोष्ट १६१४ च्या सुमाराची. लोककथेने पुढे हा मान आईकडून काढून रूपवती मुलीला देऊन टाकला. लोककथेचा तो स्वभावच आहे.

जहांगिराच्या नोंदीतील तवंगाची गोष्ट विज्ञानाला धरून आहे. पाणी आणि सुगंधी तेल एकमेकांत मिसळत नाहीत. अशी न मिसळणारी दोन द्रवे एकत्र तापविली असता दोघांच्याही वाफेचा दाब स्वतंत्रपणे काम करतो, आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते. म्हणून जे तेल एकटे तापविल्यास २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ते पाण्याच्या संगतीत १०० अंशांच्याही किंचित खाली वाफ होऊन निघते. तेलाला एवढी कमी आच लागते म्हणूनच त्याचा नाजूक सुगंध जळून जात नाही. ही वाफ थंड झाली की पाणी खाली राहते आणि तेल वर तरंगते. अडाणी म्हणून ज्या कारागिराची गणना होते त्याला हे सूत्ररूपाने ठाऊक नव्हते. पण पाणी कमी पडले की गवत तळाला लागते आणि तेलाला जळकट वास येतो, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

आता रोशाच्या भट्टीकडे वळू. गेल्या शतकाच्या मागच्या शतकात, म्हणजे इंग्रजी अमलाच्या ऐन भरात, खानदेशात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदे, शहादे या भागांत या भट्ट्या ठिकठिकाणी लागत, आणि जिल्ह्यातील त्यांची संख्या शंभराच्या वर गेलेली होती. गवत कापून आणणारे बहुतेक भिल्ल असत. ते विकत घेऊन तेल गाळणारे बहुतेक मुसलमान कारागीर असत. भट्टीची जागा गावावरून ठरत नसे, पाण्यावरून ठरत असे. ओढ्याच्या काठी दगडांची ओबडधोबड चूल रचून तीवर लोखंडी किंवा तांब्याचा मोठा हंडा चढवीत. त्यात थोडे पाणी घालून वर गवताच्या पेंढ्या दाबून भरीत. तोंडावर लाकडी झाकण. झाकणाच्या सांधीला उडदाच्या पिठाचे लिंपण. झाकणाला पाडलेल्या भोकातून पोकळ बांबूची एक नळी वर येई, तिला काटकोनात दुसरी नळी जोडलेली असे, आणि वाफ कोठून निसटू नये म्हणून दोन्हींवर सुतळीचे वेढे घट्ट आवळलेले असत. दुसऱ्या नळीचे टोक तांब्याच्या भांड्यात सोडलेले असे, आणि ते भांडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेले असे. चुलीखाली जाळ लागला की काही तासांत गवतातला सुगंध वाफेबरोबर बांबूतून निघून त्या भांड्यात उतरे. मग भांडे काढून निववावयाचे आणि वर आलेले पिवळसर तेल चमच्याने निपटून घ्यावयाचे.

शंभर किलो गवतातून जेमतेम तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघते. या ओबडधोबड भट्टीत तर कित्येकदा त्याहूनही कमी निघे. गवत कधी कापावे याला महत्त्व होते. तुरा फुललेला असताना तेल अधिक असते. म्हणून भाद्रपद-आश्विनापासून पुढचे दोन-तीन महिने हाच हंगाम. पुढे गवत वाळत जाई, ओढ्याचे पाणीही आटत जाई, आणि पाणी आटले की थंडावा देणारे साधनच संपे. मग हंडा उचलून घरी न्यावयाचा. निसर्गाने गवताचा आणि ओढ्याचा हंगाम असा एकत्र बांधून दिला नसता, तर या धंद्याला लोखंडी नळ्यांचा आणि टाक्यांचा खर्च लागला असता, आणि तो बहुधा उभाच राहिला नसता.

येथे एका गोष्टीचा विचार करावासा वाटतो. म्हैसूरच्या चंदनाचे लाकूड कितीतरी वर्षे जर्मनीस जात होते आणि त्याचे तेल तिकडे निघत होते. १९१४ साली युद्ध पेटले, लाकडाचा खप थांबला, तेव्हा कोठे म्हैसूर सरकारने १९१६ साली स्वतःचा तेलाचा कारखाना काढला. रोशाच्या बाबतीत असे झाले नाही, कारण गवताच्या गंज्या जहाजावर घालून नेणे कोणालाच परवडण्यासारखे नव्हते. कच्चा माल अवजड, पक्का माल हलका आणि मौल्यवान. म्हणून गाळण्याची कला जेथल्या तेथे टिकली. पण कला टिकली म्हणजे नफाही तेथेच राहिला असे मात्र नव्हे.

तेल कातड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर लादीत आणि कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेस नेत. पुढे ते मुंबईस जाऊ लागले. निमाडच्या तेलाला तर इंग्रजी वैद्यकीय लिखाणात 'निमाडचे गवती तेल' असे स्वतंत्र नावच पडले होते. सांधेदुखीवर चोळण्यास ते नामी समजले जाई. परंतु खरा खप औषधाचा नव्हता. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातील बंदरांत उतरे आणि अरब व्यापाऱ्यांच्या हातांतून इस्तंबूलला पोहोचे. तेथे त्याला 'इद्रिस यागी' म्हणत. इस्तंबूलहून ते पश्चिम युरोपात गेले, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांनी त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' असे नाव दिले. जिरॅनियमशी या गवताचा काडीचाही संबंध नाही आणि ते तुर्कस्तानात उगवतही नाही. एका मालाला दोन खोटी नावे एका दमात मिळाल्याचे असे उदाहरण विरळा.

इस्तंबूलला त्याचे काय होई? त्या काळी गुलाबाच्या अत्तराचे जगातील सर्वांत मोठे पीठ म्हणजे बाल्कन पर्वताच्या दक्षिणेस असलेले कझानलिकचे खोरे. पूर्वी ते ऑटोमन साम्राज्यात मोडत होते. आज ते बल्गेरियात आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि जूनमध्ये तेथे गुलाब फुलतो. सूर्य वर येण्यापूर्वी फुले तोडावी लागतात, कारण उन्हाने त्यांतील तेल उडून जाते. तांब्याच्या लहान भट्टीत साधारण दहा किलो फुले आणि पन्नास लिटर पाणी घालीत आणि दहा लिटर गुलाबपाणी काढून घेत. एवढ्याने अत्तर हाती लागत नाही. अशा चार भट्ट्यांचे चाळीस लिटर पाणी पुन्हा एकदा भट्टीत घालून त्यातून फक्त पाच लिटर काढीत. त्या पाच लिटरांवर, लांब मानेच्या काचेच्या कुपीत, तेलाचा पातळ थर जमे. तो काढण्यासाठी पत्र्याचा एक चिमुकला नरसाळ्यासारखा चमचा असे. त्याच्या टोकाला इतके बारीक छिद्र की त्यातून पाणी गळून जाई आणि तेल मात्र अडून राही. एक किलो अत्तरासाठी तीन ते चार हजार किलो फुले लागत. गुलाबाला नुसत्या वाफेवर गाळता येत नाही. वाफेने पाकळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा गोळा होतो. म्हणून त्यांना पाण्यात मोकळे तरंगत ठेवावे लागते. शिवाय गुलाबाच्या सुगंधाचा एक घटक पाण्यात विरघळतो; तो गुलाबपाण्यातच राहून जातो आणि अत्तरात फारसा येत नाही. गुलाबपाण्याचा वास आणि अत्तराचा वास यांत जो फरक जाणवतो तो यामुळे.

तीन-चार हजार किलो फुलांच्या जागी दोन-तीनशे किलो गवत! एवढा फरक असल्यावर मोह आवरणे व्यापाऱ्याला कठीण जावे यात नवल नाही. इस्तंबूलला रोशाचे तेल प्रथम 'सुधारून' घेत. लिंबाच्या रसाने आंबटसर केलेल्या पाण्याबरोबर ते घुसळीत आणि मग पसरट ताटांत ओतून काही दिवस उन्हात ठेवीत. त्याचा उग्रपणा कमी होई, रंग फिका होई, आणि वास गुलाबाच्या अधिक जवळ येई. मग ते अत्तरात मिसळीत. याहून धूर्त लोक ते गाळण्याच्या आधीच ताज्या पाकळ्यांवर शिंपडीत, म्हणजे दोन्ही तेले एकाच वाफेतून एकजीव होऊन निघत आणि कोणाच्या देखत भेसळ करावी लागत नसे.

गिऱ्हाईकही सावध होते. शुद्ध गुलाबाचे अत्तर वीस अंशांच्या आसपास थंड झाले की त्यात मेणासारखे कण धरू लागतात. रोशाच्या तेलात असे होत नाही. म्हणून अत्तराची कुपी थंड पाण्यात बुडवून ते किती अंशांवर गोठते हे पाहण्याची पद्धत पडली. त्यावर भेसळ करणाऱ्यांनी देवमाशाच्या मस्तकातील मेण थोडेसे घालून ती उणीवही भरून काढली! विशेष म्हणजे अत्तर गोठविणाऱ्या त्या कणांना स्वतःचा काहीच वास नसतो. म्हणजे अत्तराची पारख त्यातील वासहीन भागावरून चालली होती आणि फसवणूक सुवासिक भागात चालली होती. बल्गेरियाचे राज्य वेगळे झाल्यावर आपल्या मालाची अब्रू राखण्यासाठी तेथील सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या तेलाच्या आयातीला बंदी घातली. तरी पुढेही ते चोरवाटांनी येत राहिले.

यातील दोष नंदुरबारच्या भट्टीवाल्याचा म्हणता येईल काय? त्याने तेल गुलाबाचे म्हणून विकले नव्हते. अर्थात हा धंदा या बाजूला सोवळा होता असे नाही. रोशाच्या तेलातच खोबरेल, टर्पेंटाइन किंवा रॉकेल मिसळण्याचे प्रकार होत. शुद्ध रोशातेल सत्तर टक्के मद्यार्काच्या दीड ते तीन पट मापात स्वच्छ विरघळते, खोबरेल असल्यास ते गढूळ राहते. आणि बर्फात ठेवल्यास खोबरेल थिजते. या परीक्षा पुढे युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी बसविल्या. भेसळीसाठी जाणाऱ्या मालातही भेसळ, आणि तीही पकडण्यासाठी शास्त्र, असा हा प्रकार होता.

१८७१ साली ओस्कार याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे हिंदी तेल प्रयोगशाळेत तपासावयास घेतले. त्यातील मुख्य घटक वेगळा काढण्यात त्याला यश आले. निर्जल कॅल्शियम क्लोराइडशी त्याचे स्फटिक बनतात आणि पाणी घातले की तो पुन्हा मोकळा होतो, या गुणाचा शुद्धीकरणाला उपयोग झाला. तेलाच्या बाजारी नावावरून या घटकाला 'जिरॅनिऑल' असे नाव मिळाले, आणि व्यापाऱ्यांची ती जुनी चूक रसायनशास्त्राच्या परिभाषेत कायमची जाऊन बसली. पुढच्या पंचवीस वर्षांत असे आढळून आले की, हाच जिरॅनिऑल खऱ्या गुलाबाच्या अत्तराचाही एक महत्त्वाचा घटक आहे. म्हणजे रोशाला गुलाबाचा वास येतो हा नाकाचा भ्रम नव्हता. गुलाबात जे द्रव्य इतर अनेक नाजूक द्रव्यांच्या संगतीत नांदते, तेच या रानगवतात जवळजवळ एकटे राहते. उत्तम रोशातेलात त्याचे प्रमाण शेकडा पंचाहत्तर ते नव्वदपर्यंत भरते. इस्तंबूलचे भेसळ करणारे रसायनशास्त्रज्ञांच्या पुष्कळ आधी या निष्कर्षाला पोहोचले होते, हे कबूल करणे भाग आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञांनाही रोशाने असेच थोडे मागे ठेवले. या गवताचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. यातील मार्टिन म्हणजे लखनौचा प्रसिद्ध फ्रेंच सेनानी क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाशी १७९२ साली संपलेल्या युद्धात तो इंग्रजी सैन्याबरोबर बालाघाटात गेला होता. हा बालाघाट म्हणजे आजचा मध्य प्रदेशातील जिल्हा नव्हे. दक्षिणेतील घाटावरच्या मुलखाला तेव्हा ते नाव होते. तेथे गुरे एक सुवासिक गवत मोठ्या आवडीने खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो, असे त्याच्या ध्यानात आले. त्याने बी गोळा करून लखनौला लावले आणि रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाकडेही पाठविले. रॉक्सबर्गने गवताला मार्टिनचे नाव दिले. योगायोग असा की, याच मार्टिनचा लखनौचा स्नेही कर्नल पोलिए याने १७८८ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्या खंडात गुलाबाचे अत्तर काढण्याची हिंदी रीत लिहून ठेवली आहे. गुलाबपाणी पसरट भांड्यांत रात्रभर उघड्या हवेत निवत ठेवावयाचे आणि पहाटे वर धरलेली साय काढून घ्यावयाची, ही अस्मत बेगमच्या तवंगाचीच पुढची पायरी. एका मित्राने गुलाबाची कृती लिहिली आणि दुसऱ्याचे नाव गवताला लागले. ही दोन्ही तेले पुढे एकाच कुपीत जाणार आहेत याची दोघांनाही कल्पना नव्हती.

शास्त्रज्ञांच्या लेखी रोशा हे एकच गवत होते. गाळणाऱ्यांच्या लेखी ते दोन होते: मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, उघड्या उतारांवर वाढतो, आणि त्याचे तेल गुलाबी वासाचे व चढ्या भावाचे. सोफिया दमट, दाट रानात वाढतो; त्याच्या तेलात जिरॅनिऑल कमी, आणि वास आल्याकडे झुकणारा. दोन्ही गवते एका हंड्यात पडली तर माल उतरतो, म्हणून कापणारे डोळ्यांत तेल घालून निवड करीत. क्यू येथील वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो स्टाफ याने १९०६ साली हिंदुस्थानातील तेलगवतांची नव्याने मांडणी केली, आणि त्यानंतर १९०९ साली बर्किल याने मोतिया-सोफियाचा भेद शास्त्रीय लेखनात नीट मांडला. नावे मात्र त्याने कारागिरांचीच ठेवली, हे चांगले केले. ज्या भिल्लांनी आणि तेल गाळणाऱ्यांनी हा भेद पिढ्यान् पिढ्या सांभाळला त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोठल्या ग्रंथात सापडत नाही. 'गंधवादा'च्या अज्ञात टीकाकाराची निदान पोथी तरी उरली. या मंडळींचे ज्ञान हातातून हातात गेले आणि कागदावर ते परक्यांच्या लेखणीने उतरले.

विसाव्या शतकात या धंद्याचे रूप पालटले. राने सरकारी झाल्यावर गवत कापण्याचा हक्क लिलावाने ठेकेदारांकडे जाऊ लागला, आणि पूर्वी गवत विकणारा भिल्ल मजुरीवर गवत कापू लागला. जावा बेटात सिट्रोनेला गवताची मोठी लागवड झाली. त्यातूनही जिरॅनिऑल निघू लागला. पुढे १९५० नंतरच्या काळात टर्पेंटाइनपासून जिरॅनिऑल कारखान्यात बनविण्याची रीत निघाली आणि साबणवाल्यांना गवतावर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. फुलांच्या बाबतीतही असेच झाले. ग्रासची चरबीची तावदाने मागे पडली, आणि विद्रावकात फुले भिजवून अर्क काढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून कारखान्यांत रुळली.

तरीही रोशा संपला नाही. कारखान्यातील जिरॅनिऑल एकजिनसी असतो. रोशाच्या तेलात त्याच्या जोडीला दुसरी थोडीथोडी द्रव्ये असतात, आणि सुगंध जुळविणाऱ्या जाणत्या लोकांना ती हवी असतात. रानातल्या गवताची जागा आता बव्हंशी शेतातल्या गवताने घेतली आहे. १९५९ साली स्थापन झालेल्या आणि आज लखनौस असलेल्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मोतियापासून निवडलेले 'तृष्णा' वगैरे वाण शेतकऱ्यांना दिले आहेत. क्लॉड मार्टिनने घाटावरून आणलेले बी ज्या शहरात पेरले, त्याच शहरातून ते आता पुन्हा बाहेर जात आहे. हलक्या, कमी पावसाच्या जमिनीत हे पीक येते, एकदा लावले की काही वर्षे टिकते, आणि वर्षातून दोन-तीन कापण्या देते. भट्टी आता पोलादी आहे, वाफ वेगळ्या बाष्पकातून येते, आणि ओढ्याऐवजी नळीभोवती टाकीतले थंड पाणी खेळते. तेल काढून उरलेला चोथा मात्र वाळवून पुन्हा त्याच भट्टीखाली जाळतात.